काड्यांची बाई लंगडली

हॅलो?… हो, बोल… थांब, गॅस बारीक करू दे… हं, सांग आता. कोणी चहाडी केली?… कॅमेऱ्यांनी?

अगं, पण अंगाला ते मोजमापाचे गोळे चिकटवले होते का? खाज सुटायची तुला, ते?… आता काहीच चिकटवत नाहीत?… पाऊल किती लांब, पाय किती वाकला, सगळं कॅमेरेच मोजतात? वा. आणि संगणक पडद्यावर काड्यांची बाई काढतो, तुझ्यासारखी पळणारी… हजारो खेळाडूंना पळताना पाहून शिकलाय म्हणे. हुशार आहे हो. मी आपली तुला एकटीला पाहून शिकले.

मग, काय म्हणाला?… डाव्या पायावर भार टाकत नाहीस… हो का? नवलच. मी इतके दिवस विचारतेय, जिना उतरताना कठडा का धरतेस, तर 'काही नाही गं आई'.

नाही, ओरडत नाहीये… दादाची पँट? ती ढगळी?… गुडघ्यावरचा पट्टा कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून. धन्य आहेस. दोन माणसं मावतील तिच्यात… आणि तरी काड्यांची बाई लंगडलीच?… लंगडणारच की. पँट नव्हती लंगडत, तू लंगडत होतीस.

हो, हो… उद्या संघाची निवड, ठाऊक आहे… मी सरांना काय सांगू?… तू लहानपणापासून अशीच चालतेस?… सांगते की. आपल्या घराण्याची चालच आहे म्हणते. आत्यालाही बोलावते, तीही लंगडून दाखवेल…

अगं ऐक ना… ऐक… हा गुडघा कायमचा गेला तर पुढच्या वर्षी कशावर पळणार आहेस?… बरं, दे. दे सरांना… बोलते म्हटलं ना.

नमस्कार सर. हो, आईच… लहानपणापासून? छे. मागे सरावात पडली, तेव्हापासून. तुम्ही संघातून काढाल म्हणून बोलली नाही… पँट वर करायला सांगा तिला… सुजलाय ना?… हो. उद्या नकोच. मलाही तेच वाटतं.

रडतेय का?… नको, फोन नका देऊ, आता माझं तोंडही बघायचं नसेल तिला. आधी खुर्ची द्या… बसली?… मी निघतेच आहे. आणि सर, तोवर ते कॅमेरे तेवढे बंद करा. रडताना कोणी पाहिलेलं तिला आवडत नाही… हो. ठेवते.