पडद्यावर ताई छान दिसायची

नमस्कार. बसा, सगळे बसा. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे.

मी शालूताईची धाकटी बहीण, सुधा. इथे जबलपुरातच, सदरला राहते. मला बोलता येत नाही असं कोणी म्हणणार नाही. मी बोलायला लागले की थांबत नाही, ताईच म्हणायची. पण आज तोंड उघडलं की रडू फुटते. म्हणून भराभर बोलून घेते, सांभाळून घ्या. ताईच्या गावाहून, पनागरहून, टेम्पो करून ज्या बाया आल्या त्यांना सांगते, मैं मराठी में ही बोलूँगी. ताईने तुम्हाला एवढी तरी शिकवली असेल.

आपल्या मंडळाचे अध्यक्ष, पाठक काका, आत्ता म्हणाले की पनागरच्या तपासणी केंद्राला ताईचं नाव द्यायचं, आणि तशीच केंद्रं आणखी गावांत काढायची. घरच्यांचा होकार पाहिजे. भाऊजींनी माझ्याकडे हात केला.  तर उत्तर मला द्यायचं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पनागरात एक खोली आहे. मंडळाच्या मुलांनी वर्गणी काढून तिथे मोठा पडदा लावला, कॅमेरा लावला, बीपीचं यंत्र ठेवलं. डॉक्टर नागपुरात बसतात, पेशंट पनागरात. पडद्यावर एकमेकांना बघतात, बोलतात. चांगली गोष्ट आहे. मी वाईट म्हणून नाही राहिली.

पण सुरुवातीला कोणी जाईना. बाया घाबरायच्या, म्हणायच्या आपला फोटो काढतील आणि कुठे पाठवतील काय माहीत. ताईने काय केलं? खोलीच्या दाराशी आरसा टांगला. कंगवा ठेवला, पावडरचा डबा ठेवला, टिकल्यांचं पाकीट ठेवलं. फोटो काढतात तर काढू द्या नं, आपण नीट दिसू, असं सांगत घरोघर फिरली. बाया हसल्या आणि आल्या. खोली भरून गेली. बीपी मोजायला जायचं तरी लिपस्टिक लावून. लग्नाला निघाल्यासारख्या निघायच्या.

तुम्ही हसून राहिले. हसा. मीही लय हसले होते.

मग मुलांनी कॅमेरा बदलला. नवा आला तो असा, की अंधाऱ्या खोलीतसुद्धा माणूस उजळ दिसतो. बाया खूश. ताई तर जास्तच. तिचा मला फोन आला, डॉक्टर म्हणाले आज एकदम फ्रेश दिसता. किती आनंद झाला होता बापा तिला. मीही म्हटलं, चलो, तब्येत सुधारून राहिली.

कुठली सुधारते. गुडघ्यांसाठी ती दुकानातून आणलेल्या गोळ्या खायची. त्या खाऊन खाऊन पोटात जखम झाली होती, आतल्या आत रक्त जात होतं. हे आम्हाला अगदी शेवटी कळलं. चेहरा पांढरा पडत चालला होता आणि त्यावर ती पावडर लावत होती. ओठांचा रंग उडाला होता, त्यावर लिपस्टिक. लपवायला नाही हो. डॉक्टरसमोर गबाळं काहून जायचं, एवढंच तिच्या मनात.

दोष कोणाला देऊ? डॉक्टरांना? दम लागतो म्हणाली तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, जबलपूरला जाऊन रक्त तपासून घ्या. ही म्हणाली, शेतातला मटार निघाला की जाते. कॅमेऱ्याला देऊ? त्याचं कामच उजळ दाखवायचं. मुलांना देऊ? ती बिचारी आपली नोकरी सांभाळून धडपडली. सांगा, कोणाला देऊ?

पडदा नव्हता तेव्हा ताई गुडघे दाखवायला दर महिन्याला माझ्याकडे यायची. डॉक्टर म्हणजे नुसतं निमित्त. सदरच्या बाजारात फिरायचं, चाट खायची, घरी येऊन तोंड धुवायचं आणि ओट्याशी उभं राहून माझ्या पोळ्यांना नावं ठेवायची. पनागर काय लांब आहे? पण पडदा आला आणि तिचं येणं थांबलं. डॉक्टर तिथेच दिसतात, बहीण फोनवर दिसते, बंगलोरचा मुलगा फोनवर दिसतो. मग काहून यायचं? घरात भाऊजी, तर त्यांना मोतीबिंदू. सगळे सगळ्यांना दिसत होते आणि ताईला जवळून पाहणारं कोणी नव्हतं.

ती अंगणात पडली तेव्हा तिला शहरात आणलं. मी धावत दवाखान्यात पोचले. नर्सने ऑक्सिजन लावायच्या आधी ओल्या कापसाने तिचं तोंड पुसलं. परत पुसलं. खालून जो चेहरा निघाला तो मी कधी पाहिलाच नव्हता. पांढराफटक. नर्स आमच्याकडे वळून म्हणाली, "कब से ऐसी हैं ये?"

कोणाला माहीत नव्हतं. मला नाही, भाऊजींना नाही. नर्सने परत विचारलं.  सख्खी बहीण माझी, आणि ती कधीपासून अशी आहे हे मला सांगता आलं नाही. रक्त चढवलं त्यांनी. पण वेळ निघून गेली होती.

तर पाठक काका, तुमचं उत्तर. ही समोर रामकली दीदी बसली आहे. तिच्या पायाची जखम त्याच पडद्यावर डॉक्टरांनी पाहिली, शुगर पकडली, नाहीतर पाय गेला असता. मघाशी माझा हात धरून म्हणाली, "दीदी, बंद मत करवाना." बंद करा असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पडदा राहू द्या. दुसऱ्या गावांतही लावा. पण ताईचं नाव नको. लोक म्हणतात, काळ गेला की दुःख कमी होते. होत असेल. मला तर रोज वाढूनच राहिलं आहे. त्या दारावर तिचं नाव मला पाहवणार नाही.

आता ताईसाठी थोडा वेळ उभं राहून मौन पाळू या. पण एक मागणं आहे. डोळे मिटू नका, मान खाली घालू नका. ताईच्या फोटोकडे बघून आता काही होणार नाही. तुमच्या शेजारी जो कोणी बसला आहे, नवरा असेल, सून असेल, आई असेल, त्याच्या तोंडाकडे बघा. जवळून बघा. लाज वाटली तरी नजर हटवू नका.

उठा.