समुद्राकडची भिंत

वेंगुर्ल्याचं आमचं घर हिरवं रंगवायची अक्कल माझीच, दुसऱ्या कुणाला दोष देत नाही. बंदराच्या वर टेकडीवर घर, भोवती झाडी, त्यात शोभून दिसेल म्हणून मी पुण्यात बसून शेड निवडली. बाबा असताना तीन भिंती कळकट असायच्या, पण समुद्राकडच्या एकीला ते दर दिवाळीआधी स्वतः चुना मारायचे. मला तो त्यांचा हट्ट वाटायचा.

रंग झाला तेव्हा मी गावी आलो होतो. दुसऱ्याच सकाळी बाबांचे मित्र दाजीकाका होडी लावून तसेच ओल्या कपड्यांनी टेकडी चढून आले.

“अरे, तुझा घर खंय गेला?”

“काका, ह्या काय, समोर आसा.”

“हयसून दिसता रे! दर्यातून दिसणा नाय. तुझी पांढरी भिंत आणि देवळाचो कळस एका रेषेत इले काय आमी होडी आत घेतंव. आज खडपार आपटतली होती!”

“बाबा कधी बोलले नाहीत.”

“तू कधी दर्यात इलंस?”

मग त्यांनी मला होडीत घातलंच. मी पहिल्यांदाच समुद्रातून आमचं घर शोधत होतो. कळस दिसला, टेकडी दिसली. पुण्यात डोळे मिटले की समोर येणारं घर मात्र उघड्या डोळ्यांना सापडेना.

“गावला?” काकांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

“बापूस गेल्यापासून चुनो मीच मारतंय,” होडी वळवत ते म्हणाले. “तेचो कुंचो माझ्याकडे आसा. उद्या घेवन येतंय. आता तू मार.”