अंगणात उतरलेलं वरचं वारं

नाही हो दादूमामा, तुमच्या हर्षदचा अपमान कसला? बसा आधी — त्या खुर्चीत नको, तिचा पाय हलतो — सगळं सांगते. तुमचा भाचा आमच्या सानिकाला बघायला आला तो लॅपटॉप घेऊन! कोणी आणतं का? पुण्यात हवामानाचे आलेख काढतो, चांगलंच आहे, पण पोहे निवत चाललेत नि हर्षद आमच्या ह्यांना सांगतोय — आप्पा, उद्या तुमच्या नाटे गावच्या समुद्रावर ताशी शंभर किलोमीटर वारं! झालं. हे उठले ते थेट बंदरावर, होड्या बांधा रे, होड्या बांधा! बांधल्या. एक तर माडाला बांधली. नि दुसऱ्या दिवशी वारं कसलं? शेजारच्या सोनूबाईचा दोरीवर वाळत घातलेला बोंबील हलला नाही! बाकीची बंदरं सुरमई उतरवतायत, आमच्याकडे सगळे ह्यांच्या तोंडाकडे बघतायत.

मग सानिकानं त्याला फोन लावला — भांडायला नाही हो! कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते ती, म्हणाली, तो आलेख पाठवा बघू. बघितला नि म्हणाली, "अहो, हा डोक्यावर उभा आहे!" आता बघा, हवेचा दाब जमिनीपाशी जास्त, वर जावं तसा कमी. म्हणजे हजारचा आकडा खाली नको? पण त्या मेल्या नव्या सॉफ्टवेअरला काय कळतंय, त्यानं लहान आकडा खाली ठेवला, शाळेतल्या आलेखासारखा! म्हणून विमानाच्या उंचीवरचं वारं आमच्या अंगणात. मला कसं ठाऊक? आता रोज फोनवर तेच चालतं ना दोघांचं — रोज म्हणजे, कधीमधी.

नि आमचीही काही कमी नाही हो. त्यानं दुसरी फाइल पाठवली, तर हिनं तीही उलटी केली! त्या फाइलीत दाब नव्हताच, नुसते थरांचे नंबर, पहिला थर जमिनीला चिकटलेला — सरळच होती ती! हर्षद इतका हसला, इतका हसला, हातातला चहा सांडला लुंगीवर.

कुठली लुंगी? ह्यांची. म्हणजे — फोनवर सांगत होता — अहो मामा, मागच्या पडवीत काय बघताय, तिथं नुसती जाळी आहेत — तिकडं नका जाऊ — हर्षद! मामा येतायत रे, शर्ट घाल!