शेलूबाजारातून अडवलेली बोट

तुम्ही म्हणता ना, मला समुद्रातलं काय कळतं? मग ऐका. मी इकडे समुद्रापासून लांब शेलूबाजारला, आणि आमचे हे मालवणात बोटीवर कामाला. गळ टाकून मोठे मासे धरायची हौस असलेल्या पाहुण्यांना ती बोट खोल पाण्यात नेते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून बोट बंद. तरी श्रावणात एका सकाळी यांचा फोन आला.

"दोन पाहुणे अडून बसले. ऊन पडलं म्हणून मालक आजच बोट काढून राह्यला."

माझ्या कडेवर तापानं फणफणलेली पोरगी. म्हटलं, "मालकाले फोन द्या."

"तू काय बोलशीन त्याले?"

"द्या म्हणते ना!"

मालक म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. आभाळ एकदम मोकळं आहे."

"भाऊ, आभाळ तं आमच्या शेलूबाजारातही मोकळं हाय. तुमी समुद्राले नारळ वाहिला काय?"

"नाही, नारळी पौर्णिमा अजून यायची आहे."

"मंग नारळाच्या आधी माह्या माणसाले कायले धाडता?"

मालक पिढीजात मासेमार. नारळ वाहिल्याशिवाय समुद्रात जायचं नाही, ही रीत त्यांच्याच घरातली. मागून पाहुणा विचारत होता, "निघायचं ना?" मालक म्हणाले, "आज नाही."

संध्याकाळी हे चिडलेले. "सारे खलाशी मले हासून राह्यले. बायकोनं फोनवरून बोट बांधली म्हणतात."

म्हटलं, "हासू द्या. किनाऱ्यावर बसून निवांत आयका."