प्लॉट नंबर सतरा, विहिरीजवळ

अहो बसा की मसाजी, उभं राहिल्यानं अर्ज लवकर टाईप होतो असं कुठं हाये — त्या पोरीलाही बसवा, आन ए पोरी, माऊसला हात लावू नको, खेळनं न्हाई ते. हां. तर तक्रार करायची तुमाला. कोनाच्या विरोधात? माहीत न्हाई! झालं! सात वर्षं झाली पंचायत समितीसमोर दुकान टाकून — लोकाईनं बापाच्या विरोधात तक्रार लिहून नेली, सुनेच्या विरोधात नेली, एकजन तर शेजाऱ्याच्या कोंबड्याच्या विरोधात लिहून घेऊन गेला — पन ज्याचं नावच माहीत न्हाई अशा मानसाच्या विरोधात आज पैल्यांदा. चालतं. ओमप्रकाशच्या दुकानातून कागद घेतल्याबिगर अजून कोनी माघारी गेलं न्हाई.

आता मी म्हनतो ते बराबर हाये का बगा. तुमी सकाळी शाळेच्या गेटावर गेलते, रागिणीचा नंबर कुठवर आला ते इचारायला. शिपाई म्हन्ला, पेढे कुठं हायेत, तुमच्या घरचं लेकरू तर लागलं की — प्लॉट नंबर सतरा, विहिरीजवळ, नरसी रोड, पत्ता तुमचाच. तुमी हरखले. मग त्यानं लिस्टवर बोट ठेवलं तर नाव पोराचं — कोनाचं ते काही त्यानं वाचून दाखवलं न्हाई — आन तुमच्या घरात पोरगंच न्हाई, ही एकच पोरगी, आन ती खाली वेटिंगला, एक नंबर. म्हंजे तुमच्या पत्त्यावर दुसऱ्याच कोनाचं पोरगं फुकटच्या जागेवर जाऊन बसलं, असं तुमचं म्हननं. परवा संध्याकाळपर्यंत ते निघालं तर जागा रागिणीला, न्हाई निघालं तर लिस्ट बंद. व्हय ना? आता शिपाई! शिपायाचं काय मनावर घेता हो — त्याला टायमावर घंटा वाजवता येत न्हाई, तो पत्ते वाचून राहिला.

लिहितो, लिहितो. प्रति, माननीय गटशिक्षणाधिकारी साहेब. विषय — 'पत्त्याबाबत.' खोट्या पत्त्याबाबत? न्हाई हो, विषय मोघम ठेवायचा असतो, साहेब लोकाला टोकदार विषय आवडत न्हाई. आन साहेब तरी काय करनार? त्याईच्या कागदावर तुमचं प्लॉटिंगच न्हाई अजून, तिथं सोयाबीन हाये. साडेतीनशे घरं उठली, किराणा झाला, गिरनी झाली, जिम बी झाली — कागदावर सोयाबीन. आता सोयाबीनला शाळा कोन देनार? झेडपीची हाये एक, हायवेच्या पल्याड, दोन खोल्या आन पाच वर्ग — दोन वर्ग आत, एक व्हरांड्यात, बाकीचे लिंबाखाली. आन अल्याड ही इंग्रजी शाळा, पहिलीत चाळीस लेकरं, त्यातली नियमानं दहा फुकट. दहा! आन अर्ज? मी एकट्यानं एकशेबारा भरले. फेब्रुवारी आला की अख्खं हिंगोली गरीब होतं बगा — बुलेटवर येतेत आन उत्पन्नाचा दाखला मागतेत. लाज न्हाई लोकाला. दाखला काढून कोन देतं? मीच देतो. माझा धंदा हाये तो, माझं काय.

तुमी फॉर्म भरायला आलते तो दिवस मला चांगला याद हाये. अंगाला मेंढराचा वास — राग नका मानू, येतो तो येतो — मला वाटलं आलं एक येडं. कारन फॉर्ममधी काय असतं, नकाशावरचा तो लाल फुगा बराबर आपल्या घरावर ठेवावा लागतो, मग शाळा किती दूर ते कंप्युटर मोजतं, आन एक किलोमीटरच्या आत असलं की पैला नंबर. आन लोक! बीए-बीएड झालेले लोक, त्याईला वरून स्वतःचं घर सापडत न्हाई. एका मास्तरनं फुगा सिद्धेश्वरच्या धरनात ठेवलता, मधोमध. तुमाला मी म्हन्लं, मसाजी, फोटो जुना हाये, नुसतं वावर दिसून राहिलं. तर तुमी पाच मिनिटं टक लावून बगत राहिले आन एका काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं — ही विहीर. हितं मेंढरं पाजत व्हतो, हितून वाट वळते, हितून बावीस पावलावर माझा प्लॉट. बराबर निघालं! सहाशे चाळीस मीटर! मी मनात म्हन्लं, ह्या मानसाला नकाशा कळतो, साहेबाला कळत न्हाई. सहाशे चाळीस मीटर, आन अगदी कडंचं घर, शेजारपाजार न्हाई, कोनी पडताळनी करायला गेलं तरी कोन काय सांगनार — म्हंजे एकांत हाये तुमच्याकडं, असं म्हनतो मी. हवा चांगली.

हां, चार सह्या घेतल्या त्या दिवशी तुमच्या. तीन का चार, काहून इचारता? लागतेत तेवढ्या. मी म्हन्लं हितं करा, तुमी केल्या, एक अक्षर वाचलं न्हाई. कोनीच वाचत न्हाई. म्हनून तर म्हनतो, लोकाईनं शिकायला पाह्यजे.

पन मला एक सांगा, तुमाला काहून पाह्यजे हो इंग्रजी? मेंढराला इंग्रजीत हाक मारनार का ही? — आता तोंड नका पाडू, गंमत केली. व्हय, सांगितलं तुमी, दिवाळी झाली की मंडळी मेंढरं घेऊन निघते, शाळा न्हाई लागली तर हिलाही संगं न्यावं लागतं, मग पावसाळ्यापर्यंत रानातच. झेडपीत घाला मग — हायवे? एवढं लेकरू एकटं हायवे कसं ओलांडनार, तेही खरं. हुशार हाये? सगळ्याईचीच हुशार असतेत हो! माझ्यासमोर बसलेल्या एका तरी बापानं म्हन्लं का आजवर की माझं पोरगं ढ हाये? सहा वर्षं पूर्ण झालेलं लेकरू हाये एक — रोज दोन तास समोर घेऊन बसावं लागतं, तरी 'क' उलटा काढतं, मग ते रडतं, मग त्याची आई रडते, मग — कोनाचं म्हंजे? हाये एका ओळखीच्याचं. तुमाला काय करायचं.

तो ड्रेस? खुंटीवरचा? साल्याच्या पोराचा हाये. इंग्रजी शाळाईचा रंग सगळा सारखाच असतो, तेवढ्यावरून काही ठरवू नका.

तसं पाहिलं तर मलाही काय कमी येत व्हतं? जवळा बाजारच्या शाळेत दहावीला वर्गात पैला आलतो मी. पुन्याला कंपनीत मुलाखतीला गेलतो, नवा शर्ट घालून, आन तिथल्या बाईनं इंग्रजीत एकच सवाल इचारला आन मी म्हन्लं 'यस'. 'यस' म्हनायचा सवालच न्हवता तो. तिघंजन हसले. ती बाई तर तोंडावर फाईल धरून हसली. मी तिथून उठलो ते सरळ हिंगोलीच्या गाडीत. लाज वाटली हो, आजबी वाटते, दाढी करताना वाटते. त्याच दिवशी ठरवलं, माझ्या पोरावर ही पाळी — कोनाच्याही पोरावर येऊ नये. कोनाच्याही म्हनतो मी.

काय? लिस्टचा फोटो काढला? तुमी? मग मघाशीच सांगायचं की! द्या हिकडं. तुमाला इंग्रजी वाचता येत न्हाई, मी बगतो. मोठा करतो... हां... हे असं... धूसर आलाय हो, काहीच लागत न्हाई, हे शेवटचं नाव तर — अर्र. गेला. पुसला गेला वाटतं. तुमचा फोनच तसला, काच तडकलेली, बोट कुठं लागतं आन होतं भलतंच. जाऊ द्या, तसाबी कामाचा न्हवता. आपन असं लिहू — 'सदर पत्त्यावर आमच्याशिवाय कोणीही राहत नाही, तरी साहेबांनी सवडीनुसार चौकशी करावी.' परवाची तारीख? तारीख नका टाकू, तारीख दिसली की साहेबाला राग येतो. एवढी वर्षं मी हेच करून राहिलो ना? मग.

हां, निघाली प्रिंट. ही कच्ची हाये, नावं तपासा, मग पक्की काढू. पाठकोऱ्या कागदावर काढली, कच्चीला कोरा कागद कोन नासवतं, मागच्या अंगाला जुनं काहीबाही छापलेलं असतं, तिकडं लक्ष नका देऊ. तुमच्यापेक्षा पोरीजवळच द्या, हुशार हाये म्हन्ता ना, वाचू द्या तिलाच! घे गं, वाच. काय लिवलं साहेबाला? ... प्रति... मान-नीय... अरे! वाचून राहिली की. गट-शिक्ष-णाधिकारी! जोडाक्षर सोडलं न्हाई एक. कोनं शिकवलं हिला? कोनीच न्हाई? एसटीवरच्या पाट्या वाचून? मेंढरामागं फिरता फिरता? ... बरं वाचते हो. लई बरं वाचते.

बास आता, ठेव खाली. उलटा नको करू कागद, अर्ज हिकडून हाये. काय? बाबाचं नाव सापडलं? सापडनारच बाळा, अर्ज बाबाचाच हाये. मागं? मागं कुठं — ए, दे हिकडं. दे म्हन्लं ना. मसाजी, घ्या तिच्या हातातून, लेकराला काय कळतं — भाडेकरार असतेत हो ते, रोज दहा छापतो मी, एखादा चुकला की पाठकोऱ्यात टाकतो — लिहून देनार मसाजी, तर हिंगोलीत काय एकच मसाजी हाये का — प्लॉट नंबर... पोरी, बास. बास म्हन्लं मी. लिहून घेनार ओम —

हां. मीच हाये. मग? ओरडू नका. ओरडत न्हाई तुमी, माहीत हाये, तुमी नुसते बगून राहिले, तेबी नका करू. सगळेच करतेत हे! एकशेबारातले चाळीस तरी फुगे खोटे हायेत, माझा एकट्याचाच दिसला का तुमाला? आन पक्क्या कागदावर सही तुमचीच हाये, चौथी, घरमालक म्हनून — साहेब पैले तुमाला धरतील, बगा, मी तुमच्या भल्याचं सांगतो. मसाजीभाऊ. बसा की भाऊ. चहा सांगतो, पोरीला बिस्कीट सांगतो. ऐका माझं, ही कुठंबी शिकंल हो! एसटीच्या पाटीवर शिकली ही, झेडपीच्या लिंबाखाली शिकंल, मेंढरामागं शिकंल — माझा सुरज न्हाई शिकनार. त्याला शाळाच पाह्यजे. त्याला न्हाई येत हो काही. तुमाला बापाचं काळीज —

घडी काहून घालून राहिले? तो कागद माझा हाये. खिशात नका ठेवू, अहो, पाठकोरा हाये तो, कच्चा हाये, तो कोनी घेनार न्हाई. कुठं चालले? समोर? साहेब जेवायला गेले असतील. भाऊ! मसाजीभाऊ! अर्जावर सही राहिली तुमची, बिनसहीचा अर्ज घेत न्हाईत ते — नका घेऊ पेन. न्या. न्या ते बी. हळू जा, गाड्या येतेत, पोरीचा हात धरा.

तुमचं काय हो? कवाचे उभे हाये मागं? रहिवासी दाखला? न्हाई. सर्वर गेलं. आज न्हाई व्हायचं म्हन्लं ना, शटर वढायचंय मला, सरका तिकडं.