सॅम्पल आणलंय का?

...नाही, पण मला एक सांगा, दुकानात वस्तू मागायला जावं तर दुकानदाराने आधी तीच वस्तू आपल्याकडे मागायची, ही कुठली रीत? मी म्हटलं, कॅमशाफ्ट पाहिजे. तो म्हणाला, सॅम्पल आणलंय का? अहो, सॅम्पल असतं तर... म्हणजे आहे, सॅम्पल आहे, पण ते घरी आहे, बाल्कनीत, वर्तमानपत्रावर, त्यातून तेल गळतंय, आणि मी कुणाचं तरी हाड उकरून आणलंय अशा नजरेने बायको त्याच्याकडे बघतेय.

थांबा, आधी गाडीचं सांगतो. आमची गाडी जुनी. जुनी म्हणजे किती, तर कंपनीने आधी ही गाडी बंद केली आणि मग कंपनीच बंद पडली. याच गाडीतून मुलीला दवाखान्यातून घरी आणली, याच गाडीवर घरातलं एक माणूस चालवायला शिकलं आणि त्याने शेजाऱ्यांचं फाटक पाडलं. कोणी पाडलं ते मी सांगणार नाही, मला दोन वेळ जेवायचं असतं. तर ही गाडी मध्यंतरी टक-टक-टक असा आवाज करायला लागली. आमच्या मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. मिटले, उघडले, आणि डॉक्टरी आवाजात म्हणाला, "कॅमशाफ्ट गेला. नवीन आणा, बसवून देतो."

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "रविवारी ताई येणारेय. तिला आणायला ही गाडी आपल्या पायांनी स्टेशनवर गेली तर राहील. नाही गेली तर सोमवारी भंगारवाल्याला बोलावते." बोलावते म्हणजे काय, तो येऊनही गेला होता. बॉनेटवर टिचकी मारून, कलिंगड बघावं तसं ऐकून गेला.

आता मी आयुष्यभर बँकेत कारकुनी केली. मला वस्तू आणायला सांगितली तर ती काय करते हे कळल्याशिवाय माझा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. डॉक्टरला विचारलं, हा कॅमशाफ्ट करतो काय? त्याने इंजिनातून काढलेला जुना दांडा हातात दिला. चांगला हातभर लांब, आणि त्याच्या अंगावर ओळीने उंचवटे, नाकं आल्यासारखे, प्रत्येक नाक वेगळ्या दिशेला. म्हणाला, "हा नुसता फिरतो. ज्याची वेळ झाली त्याला नाकाने ढोसतो. ढोसला की तो व्हॉल्व्ह उघडतो, पेट्रोल आत जातं."

"आणि हा स्वतः?"

"स्वतः काही नाही. ढोसतो आणि पुढे जातो."

मी म्हटलं, अरे, हा तर आमचा हेडक्लार्क. "आणि बघा," डॉक्टर म्हणाला, "खालचा मोठा दांडा दोनदा फिरतो, तेव्हा हा एकदाच फिरतो." मग तर प्रश्नच मिटला. तुम्हाला सांगतो, त्या दांड्याबद्दल मला इतकं कुतूहल वाटायला लागलं की जेवताना मी तो शेजारी घेऊन बसलो आणि कुठलं नाक कुणाला कधी ढोसत असेल ते फिरवून बघत राहिलो. बायको म्हणाली, "त्यालाही वाढू का?"

असो. तर पहिल्या दुकानातून घरी आलो, सॅम्पल घेतलं, टॉवेलात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि परत गेलो. दुकान म्हणजे काय, छतापर्यंत खोकी, आणि मधल्या फटीत एक माणूस चष्मा कपाळावर चढवून बसलेला. त्याचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, मी त्याला चष्मेवाले म्हणायचो, तो मला काका. "काका, ओरिजिनल पाहिजे की कंपनीचा?" मी म्हटलं, दोन्ही एकच ना? तो दमून हसला. "कंपनीचा म्हणजे कंपनीने केलेला. तो आता कुठेच नाही. ओरिजिनल म्हणजे कंपनीच्यासारखा, बाहेरच्यांनी केलेला."

"मग डुप्लिकेट म्हणजे?"

"तो शेजारच्या दुकानात मिळतो."

शेजारच्या दुकानात मी मुद्दाम जाऊन विचारलं. तिथेही ओरिजिनलच होता. डुप्लिकेट, म्हणाले, पलीकडे मिळतो. मी पलीकडेही गेलो... तुम्ही नसता गेलात? रस्ता संपला, पण डुप्लिकेट विकणारा माणूस काही भेटला नाही. सगळ्यांचा पहिला प्रश्न मात्र एकच. सॅम्पल आणलंय का?

परत चष्मेवाल्यांकडे. त्यांनी खोक्यातून एक कॅमशाफ्ट काढला, तेलकट कागद सोलला, आणि काय सांगू, आरशासारखा. मी म्हटलं, जरा मोजायला काही आहे? त्यांनी मापायचा चिमटा दिला. आता इथे माझा स्वभाव तुम्हाला सांगायला हवा. बँकेत माझं काम सह्या जुळवायचं. चेकवरची सही आणि आमच्याकडची सही, वेलांटी इकडची तिकडे झाली तरी चेक परत. एक खातेदार म्हणाला होता, साहेब, पेन नवीन आहे म्हणून सही वेगळी आली. मी म्हटलं, जुनं पेन घेऊन या. असा मी. मी एकेक नाक मोजलं. लांबी बरोबर, जाडी बरोबर, पण नाकं? सॅम्पलपेक्षा उंच. सगळी नाहीत, पण बरीचशी.

"चष्मेवाले, याची नाकं मोठी आहेत."

"नवीन आहे ना, काका."

"नवीन असलं म्हणून नाक मोठं असतं का?"

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, माझ्याकडे नीट बघितलं आणि परत कपाळावर नेला. दुसरा काढला. त्याचीही नाकं मोठी. तिसरा वेगळ्या बनावटीचा, त्याचीही तितकीच मोठी. मी म्हटलं, तीन वेगवेगळे लोक एकच चूक करतात, म्हणजे हा धंदा किती बेफिकीर झालाय बघा. शेजारचं दुकान, त्याच्या शेजारचं, सगळीकडे तेच. सॅम्पल आणलंय का? आणलंय. जुळतंय का? नाही. शेवटी एकजण वैतागून म्हणाला, "काका, तुम्ही असं करा, जुन्या गाड्या फोडतात ना, तिथे बघा."

शनिवारी तिथे गेलो. दारं, काचा, सीटा यांचे ढीग, आणि मधे खुर्ची टाकून एक बाई विणत बसलेल्या. वर न बघता म्हणाल्या, "सॅम्पल आणलंय?" मी टॉवेल सोडला. त्यांनी सुई केसात खोचली, आत गेल्या आणि आमच्याच गाडीच्या जुळ्या बहिणीतला एक कॅमशाफ्ट काढून आणला. मी नाकं मोजली. पहिलं, जुळलं. दुसरं, जुळलं. तुम्हाला सांगतो, सगळी नाकं, झाडून सगळी, तंतोतंत. आयुष्यात इतकी जुळलेली सही मी पाहिली नव्हती.

तसाच डॉक्टरकडे. डॉक्टरने दांडा उजेडात धरला. "हाच बसवू?"

"हाच."

"नक्की हाच?"

मी म्हटलं, "तंतोतंत आहे, मी स्वतः मोजलाय." तो म्हणाला, "तुमची गाडी, तुमचा दांडा," आणि बसवला.

संध्याकाळी गाडी घरापुढे आणली. टक-टक-टक. बायको बाल्कनीत आली. "नाही झाली दुरुस्त?" मी म्हटलं, झालीय. "मग आवाज?" मी वर गेलो, सगळं सांगितलं, किती दुकानं, किती नाकं, आणि सगळ्यांची कशी चूक. तिने जुना दांडा उचलला, बाल्कनीच्या उजेडात फिरवला, एका बोथट नाकावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे संपत आलेली साबणाची वडी घेऊन दुकानात गेलात, आणि म्हणालात, अगदी एवढीच द्या."

झिजला होता म्हणून तर बदलायचा होता. आणि मी झिजेला झीज जुळवून आणली.

रविवारी गाडी स्टेशनवर गेली, टकटकत का होईना, पण आपल्या पायांनी. ताई फाटकातून बाहेर येतायत तोच हात हलवायला लागल्या. गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "लांबूनच आवाज ओळखला गं. म्हटलं, आली आपली गाडी." घरी आल्यावर बायको भंगारवाल्याला फोन करून म्हणाली, येऊ नका. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "उद्या नवीन आणा. मोजायचा नाही."

सोमवारी डॉक्टरने गाडी पुन्हा उघडली आणि तोही दांडा माझ्या हातात दिला. मी चष्मेवाल्यांकडे गेलो. तीच खोकी, तीच फट, चष्मा कपाळावर. मला बघून त्यांनी एक मोठा श्वास घेतला, पण सवय कुठे जाते?

"सॅम्पल आणलंय का, काका?"

मी पिशवी टेबलावर ठेवली. म्हटलं, "दोन आणलीत. यातल्या एकाशीही जुळणार नाही असा द्या."