सुकाणूची जागा

(साल १९२९. डोंबिवलीजवळचा खाडीकाठ, सकाळ. तरीची, म्हणजे उतारू पलीकडे नेणारी, होडी काठावर ओढलेली. तिची मालकीण गोदा, तिचा धाकटा दीर राघो आणि सुतार महिपत.)

गोदा : थांबा महिपतदादा, करवत खाली ठेवा. सुकाणू कुणी काढलं?

महिपत : मीच काढलं वहिनी, राघोनं सांगितलं म्हणून. होडी चालवायचं यंत्र मागच्या फळीवर मधोमध बसवायचं तर सुकाणूला जागा उरत नाही.

गोदा : मधोमध? ते बाजूला टांगायचं ठरलेलं.

महिपत : ते लहान यंत्र. हे बाजूला टांगलं तर होडी कलंडायची. मागच्या फळीला आतून सागाचा जोड दिलाय, तेव्हा कुठं पेलतंय.

राघो : महिपत, तू जरा सावलीत बस.

गोदा : ते इथंच थांबतील. राघो, मुंबईच्या दुकानात आपण दोघं गेलेलो. मी लहान यंत्र सांगितलं का नाय?

राघो : सांगितलंस. पण भरलेली होडी, समोरून ओहोटी, तिथं त्या लहान यंत्राचा काय जोर! परत जाऊन मोठं आणलं. तुझ्याच भल्यासाठी, वैनी.

गोदा : आणि सुकाणू कुणी धरायचं?

राघो : याला लागतच नाय. हा दांडा फिरवला की यंत्रच वळतं. एकटा माणूस सगळं बघतो.

गोदा : कोण माणूस? बोल ना. बरं, मीच सांगते. काल मी तरीच्या कचेरीत गेलेले.

राघो : तू? कशाला?

गोदा : मक्त्याचा अर्ज पोचला का विचारायला. कारकुनानं वाचून दाखवला. होडी राघोची, यंत्र राघोचं, चालवणार राघो. मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यानं पुन्हा वाचला.

राघो : बाईच्या नावानं मक्ता कोण देतो? साहेब हसला असता.

गोदा : हसला असता तर मी ऐकून घेतलं असतं. तू मला सांगायचंस रे. एकदा चुलीपाशी बसून सांगायचंस.

राघो : तू नाय म्हटलं असतंस.

गोदा : म्हणून गुपचूप केलंस.

महिपत : वहिनी, आईशपथ, मला ठाऊक नव्हतं. तुम्हीच सांगितलंय, असं म्हणाला हा.

गोदा : राघो, तुझा भाऊ गेला तेव्हा सगळे म्हणाले, होडी विक. तुला मिसरूडही फुटलं नव्हतं. तू म्हणालास, वैनी, तू सुकाणू धर, मी वल्ही मारतो. त्या शब्दावर नऊ वर्षं काढली मी.

राघो : मी पण नऊ वर्षं वल्हीच मारली ना! होडी गोदाची, उतारू गोदाचे. राघोला कोण विचारतं?

गोदा : मग ते तरी तोंडावर बोलायचंस.

राघो : आता काय करणार तू?

गोदा : करून आलेय. तुझ्या भावामागं होडी माझ्या नावावर झाली, तो कागद कारकुनापुढं ठेवला. तुझा अर्ज बाद झाला. महिपतदादा, यंत्र उतरवा. फळीची भोकं बुजवून सुकाणू अडकवा.

महिपत : भरती यायच्या आत करतो.

राघो : आणि यंत्र?

गोदा : ते तुझं. घेऊन जा.

राघो : वैनी, पलीकडं लोक खोळंबलेत. मी वल्ह्याला बसतो.

गोदा : पलीकडं जायचं असलं तर ये. मधल्या फळीवर बस, उतारूंत.